स्टीव्ह मॅक्क्वीन : नकोसा मुलगा आणि अमोल मोटारी

मुलाचे पाय पाळण्यांत दिसतात अशी एक म्हण आपल्या मराठी भाषेंत रूढ आहे, आणि एखाद्या व्रात्य मुलाविषयीं निराशा प्रकट करावयाची झाली म्हणजे वडील मंडळी तिचा हमखास उपयोग करितात. परंतु कित्येक माणसांचीं चरित्रें अशीं असतात, कीं त्यांचा पाळणा पाहून त्यांच्या पुढील आयुष्याचें भाकीत कोणासहि करतां आलें नसतें. अमेरिकेंतील सुप्रसिद्ध चित्रपटनट स्टीव्ह मॅक्क्वीन याचें चरित्र अशांपैकींच एक होय. आमच्या विद्यार्थिमित्रांपैकीं पुष्कळांच्या वह्यांत वेगवान मोटारींचीं चित्रें चिकटविलेलीं असतात. त्यांस हें नांव कदाचित् ठाऊक असेल. ज्या मोटारींनीं चित्रपटाच्या पडद्यावर प्रेक्षकांस वेड लाविलें आणि ज्यांच्यासाठीं धनिक लोक लिलांवांत कोट्यवधि रुपये मोजतात, त्यांतील कित्येक मोटारींशीं ह्या माणसाचें नांव जोडलेलें आहे. त्याच्या हाताचा स्पर्श झालेल्या गाडीस तिच्याच जातीच्या इतर गाड्यांहून कितीतरी अधिक किंमत येते. परंतु ज्या हाताच्या स्पर्शानें लोखंडाचें सोनें झालें, तो हात लहानपणीं धरावयास फारसें कोणी नव्हतें. ही विसंगति ध्यानांत ठेवून त्याच्या चरित्राकडे पाहिलें असतां लहानथोरांस त्यांतून घेण्यासारखें पुष्कळ आहे.

टेरेन्स स्टीव्हन मॅक्क्वीन याचा जन्म २४ मार्च १९३० रोजीं इंडियाना संस्थानांतील बीच ग्रोव्ह ह्या गांवीं झाला. त्याचा बाप वैमानिक होता; गांवोगांव विमानाच्या कसरती करून दाखविणें हा त्याचा धंदा. मूल अगदीं लहान असतांनाच तो बायकोमुलास सोडून निघून गेला. आई वयानें लहान, संसाराच्या जबाबदारीस असमर्थ आणि मद्याच्या आहारीं गेलेली. तिनें मुलास मिसुरी संस्थानांतील स्लेटर ह्या गांवीं आपल्या आईबापांकडे पोहोंचविलें. तो काळ अमेरिकेंतील भयंकर मंदीचा होता. आजी-आजोबा नातवासह आजीचा भाऊ क्लॉड टॉमसन याच्या शेतावर राहावयास गेले. हा क्लॉड शिस्तीचा कडक परंतु मनाचा मऊ असा शेतकरी होता. स्टीव्हच्या चौथ्या वाढदिवशीं त्यानें त्यास तांबड्या रंगाची एक तीनचाकी सायकल दिली. शर्यतीचा नाद आपणांस त्या तीनचाकीनें लाविला, असें मॅक्क्वीन पुढें प्रौढपणींहि सांगत असे. बालपणांतील एवढाच एक स्वच्छ प्रकाशाचा तुकडा त्याच्या वांट्यास आला. कानाच्या दुखण्यामुळें त्याचा डावा कान अधू झाला होता. शिवाय अक्षरें नीट ओळखूं न देणारा, डिस्लेक्सिया नांवाचा दोषहि त्याच्या ठिकाणीं होता. त्यामुळें शाळेंत तो मागें पडे.

तो आठ वर्षांचा झाला तेव्हां आईनें दुसरें लग्न केलें व मुलास आपल्याकडे बोलाविलें. निघतांना क्लॉडनें त्यास सोन्याचें एक खिशांतील घड्याळ दिलें व त्यावर तो आपणांस पुत्रासारखा होता अशा अर्थाचे शब्द कोरविले. नव्या घरीं मात्र त्यास मारझोडीखेरीज कांहीं मिळालें नाहीं. नऊ वर्षांचें तें पोर घर सोडून रस्त्यावर राहूं लागलें. पुन्हां स्लेटर, पुन्हां आई, पुन्हां नवा सावत्र बाप, अशा येरझारा चालू राहिल्या. चौदाव्या वर्षीं क्लॉडचाहि निरोप न घेतां तो एका फिरत्या सर्कशीबरोबर निघून गेला व कांहीं दिवसांनीं लॉस एंजेलीस शहरीं आईकडे परतला. तेथें वाईट सोबत लागली. मोटारींच्या चाकांवरील चकचकीत झांकणें चोरण्यापर्यंत मजल गेली. सावत्र बापानें एकदां त्यास मारून जिन्यावरून खालीं लोटलें, आणि शेवटीं हा मुलगा आमच्यानें आवरत नाहीं असें लिहून देऊन आईनेंच त्यास सुधारसंस्थेच्या स्वाधीन केलें. जन्मदात्यांनीं ज्यास नको म्हटलें, त्या मुलाची त्या दिवशीं बाजारांत काय किंमत झाली असती?

कॅलिफोर्नियांतील चिनो गांवाजवळची ही संस्था बॉईज रिपब्लिक म्हणजे मुलांचें प्रजासत्ताक ह्या नांवानें ओळखली जाते. ती १९०७ मध्यें स्थापन झाली. तेथें तुरुंगासारख्या भिंती नव्हत्या. मुलांनीं शेतांत व कारखान्यांत काम करावें, शिकावें आणि आपल्या वर्तनाचे नियम आपणच निवडलेल्या मंडळाकडून करून घ्यावे, अशी तेथील रीत होती. आरंभीं मॅक्क्वीनला हें रुचलें नाहीं. तो पळून जाई व पकडून आणला जाई. प्रत्येक घरांतील मुलांनीं नेमून दिलेलें काम पुरें केल्यास त्यांस महिन्यांतून एकदां शहरांत नेत असत. परंतु एकानें जरी कुचराई केली तरी सर्वांची सहल बुडे. मॅक्क्वीनच्या आळसानें ती बुडाली, तेव्हां सोबत्यांनीं त्यास चांगलाच चोप दिला. आपल्या वागण्याचा भार दुसऱ्यांच्या सुखदुःखावर पडतो, हा धडा त्यास तेथें प्रथमच मिळाला. हळूहळू त्याचें वर्तन पालटलें, आणि जो नियम मोडीत होता तोच नियम करणाऱ्या मुलांच्या मंडळावर निवडून आला. त्यास घडविणारीं माणसें तेथें होतीं, आणि तो घडूं शकेल हा विश्वास त्यांनीं सोडला नाहीं. सोळाव्या वर्षीं तो तेथून बाहेर पडला.

तथापि सुधारणा ही एका दिवसांत होणारी गोष्ट नव्हे. बाहेर पडल्यावर तो व्यापारी जहाजावर खलाशी झाला, तें काम अर्ध्यावर सोडून पळाला, आणि तेलाच्या विहिरींवर व लांकूडतोडींत मजुरी करून पोट भरूं लागला. १९४७ मध्यें तो अमेरिकेच्या मरीन सैन्यांत भरती झाला. तेथेंहि शिस्तभंगामुळें सात वेळां त्याचा हुद्दा उतरविण्यांत आला, आणि रजा संपल्यावर परत न आल्याबद्दल ४१ दिवसांची कैद भोगावी लागली. त्या कैदेनंतर मात्र त्यानें आपणांस सावरलें. उत्तर ध्रुवाकडील बर्फाळ प्रदेशांत एका सरावाच्या वेळीं रणगाडा बर्फ फोडून पाण्यांत जाण्याच्या बेतांत असतां त्यानें त्यांतील पांच सैनिकांस बाहेर ओढून वांचविलें. ह्यानंतर राष्ट्राध्यक्ष ट्रूमन यांच्या नौकेवरील रक्षकांत त्याची नेमणूक झाली. १९५० मध्यें तो सन्मानानें सैन्यांतून मुक्त झाला.

सैनिकांस शिक्षणासाठीं सरकारकडून जें साहाय्य मिळत असे त्याचा उपयोग करून तो १९५२ मध्यें न्यूयॉर्क येथें सॅनफोर्ड माइस्नर ह्या प्रख्यात शिक्षकाजवळ अभिनय शिकूं लागला. हातांत पैसा नव्हता. म्हणून आठवड्याच्या शेवटीं तो मोटारसायकलींच्या शर्यतींत भाग घेई व बक्षिसाच्या रकमेवर गुजराण करी. प्रथम रंगभूमि, मग दूरचित्रवाणी आणि नंतर चित्रपट, अशा पायऱ्या तो चढत गेला. १९५८ मध्यें सुरू झालेल्या दूरचित्रवाणीवरील एका मालिकेनें तो घरोघरीं ठाऊक झाला, आणि १९६० मधील द मॅग्निफिसंट सेव्हन ह्या चित्रपटानें त्यास मोठ्या नटांच्या पंक्तींत नेऊन बसविलें. त्याच्या अभिनयांत शब्दांचा डामडौल नसे. तो थोडें बोले, डोळ्यांनीं अधिक सांगे. मोठमोठीं भाषणें कमी करून द्यावीं असा त्याचाच आग्रह असे. १९६६ मधील द सँड पेबल्स ह्या चित्रपटांतील कामाबद्दल ऑस्कर पारितोषिकासाठीं त्याचें नांव सुचविण्यांत आलें.

पैसा हातीं येतांच त्या तांबड्या तीनचाकीचें वेड पुन्हां उफाळून आलें. १९५८ मध्यें त्यानें जॅग्वार एक्सकेएसएस नांवाची एक मोटार विकत घेतली. तिची हकीकत ऐकण्यासारखी आहे. इंग्लंडमधील जॅग्वार कारखान्याची डी-टाइप ही शर्यतीची मोटार फ्रान्समधील ल मां येथील चोवीस तासांच्या शर्यतींत १९५५ पासून लागोपाठ तीन वर्षें पहिली आली. न खपलेल्या अशा गाड्यांवर कांच, दुसरें दार व बाहेरचे दिवे बसवून त्या रस्त्यावर चालविण्यायोग्य कराव्या, असें कारखान्यानें ठरविलें. परंतु १२ फेब्रुवारी १९५७ रोजीं कारखान्यास भयंकर आग लागली, आणि अशा अवघ्या १६ गाड्या तयार होऊं शकल्या. त्यांतील एक मॅक्क्वीनकडे आली. मुळांत ती पांढरी होती. त्यानें तिला गडद हिरवा रंग देवविला व तिला हिरवा उंदीर असें गमतीचें नांव ठेविलें. पुढें १९६९ मध्यें ती त्यानें विकली. परंतु मन लागेना, म्हणून कांहीं वर्षांनीं परत विकत घेतली व मरेपर्यंत जवळ ठेविली. पुढें लॉस एंजेलीस येथील पीटरसन मोटारसंग्रहालयाकडे ती गेली.

चित्रपटांतहि आपलें काम आपणच करावें अशी त्याची हौस होती. १९६३ मध्यें द ग्रेट एस्केप हा चित्रपट निघाला. युद्धकैद्यांच्या छावणींतून पळालेला वीर मोटारसायकलवरून तारेच्या उंच कुंपणावर झेप घेतो, तो त्यांतील प्रसंग अतिशय गाजला. ती झेप मात्र मॅक्क्वीनची नव्हे; विम्याच्या अटींमुळें ती त्याचा मित्र बड एकिन्स यानें घेतली. लोक तिचें श्रेय मॅक्क्वीनला देऊं लागले, तेव्हां त्यानें दूरचित्रवाणीवर उघडपणें एकिन्सचें नांव सांगून टाकिलें. दुसऱ्याच्या पराक्रमाचा तुरा आपल्या पागोट्यांत खोंवून घेणें सोपें असतां त्यानें तें केलें नाहीं, ही गोष्ट लक्षांत ठेवण्यासारखी आहे.

१९६८ सालच्या बुलिट ह्या चित्रपटानें तर मोटार हीच जणूं एक नायिका करून सोडिली. त्यांत मॅक्क्वीन सॅन फ्रॅन्सिस्को शहरांतील पोलीस अधिकारी झाला आहे. फोर्ड कारखान्याची गडद हिरव्या रंगाची मस्टँग जीटी ३९० मोटार घेऊन तो दोन मारेकऱ्यांच्या काळ्या डॉज चार्जरचा पाठलाग करतो. हा पाठलाग दहा मिनिटांहून अधिक चालतो. तो सुरू होतांच पार्श्वसंगीत थांबतें व एंजिनांचा गडगडाट आणि टायरांचा आक्रोश एवढेंच ऐकूं येतें. त्या शहरांतील रस्ते डोंगरउतारावरचे. त्यांवरून ताशीं १७५ किलोमीटरच्या आसपास वेगानें धांवणाऱ्या मोटारी चढाच्या टोंकास हवेंत उडतात. अत्यंत धोक्याच्या कांहीं उड्या एकिन्स व दुसरे कसबी चालक यांनीं घेतल्या. परंतु कांहीं भाग मॅक्क्वीननें स्वतः हांकला. एके ठिकाणीं वळण चुकून तो पुढें गेला आणि टायरांतून धूर काढीत मागें आला. तो चुकलेला तुकडाहि चित्रपटांत तसाच ठेवण्यांत आला आहे. ह्या चित्रपटाच्या संकलनास ऑस्कर पारितोषिक मिळालें. चित्रीकरणासाठीं दोन हिरव्या मस्टँग वापरल्या होत्या. त्यांतील एकीची कथा पुढें येणार आहे.

पडद्यावरील वेगानें त्याचें समाधान होत नव्हतें. खऱ्या शर्यतींतील खेळाडू म्हणून आपली गणना व्हावी, अशी त्यास तळमळ होती. १९६४ मध्यें पूर्व जर्मनींतील एर्फुर्ट येथें झालेल्या सहा दिवसांच्या मोटारसायकल-स्पर्धेंत तो अमेरिकेच्या संघांतून उतरला होता. मार्च १९७० मध्यें फ्लोरिडांतील सेब्रिंग येथें बारा तासांची मोटारशर्यत झाली. तिच्यापूर्वीं थोडेच दिवस मोटारसायकलवरून पडून त्याचा डावा पाय मोडला होता. पायास प्लास्टर असतांनाच तो पीटर रेव्हसन ह्या जोडीदारासह लहान पोर्शे ९०८ घेऊन धांवला. मोठ्या एंजिनांच्या गाड्या एकामागून एक नादुरुस्त होत गेल्या, आणि ह्या जोडीचा दुसरा क्रमांक आला. मारिओ आंद्रेत्ती यानें शेवटच्या टप्प्यांत चालविलेल्या फेरारीनें त्यांस अर्ध्या मिनिटाहूनहि कमी अंतरानें मागें टाकिलें. अधिक वेळ गाडी रेव्हसननें हांकली होती हें खरें. परंतु प्लास्टरांतील पायानें क्लच दाबीत राहणाऱ्या नटाचें कौतुक प्रेक्षकांनीं मनापासून केलें.

ह्याच उत्साहाच्या भरांत त्यानें ल मां येथील शर्यतीवर चित्रपट काढण्याचें मनावर घेतलें. १९७० च्या उन्हाळ्यांत चित्रीकरण सुरू झालें. ह्या चित्रपटाची खरी नायिका होती पोर्शे ९१७ ही मोटार. नियमाप्रमाणें अशा २५ गाड्या तयार असणें आवश्यक होतें, म्हणून १९६९ मध्यें पोर्शे कारखान्यानें त्या एका रांगेंत उभ्या करून परीक्षकांस दाखविल्या होत्या. बारा सिलिंडरांचें हवेनें थंड होणारें एंजिन, अत्यंत हलकें शरीर आणि ताशीं ३०० किलोमीटरहूनहि अधिक वेग, यांमुळें तिची धास्ती कसबी चालकांसहि वाटे. १९७० मध्यें ह्याच जातीच्या गाडीनें पोर्शेला ल मां येथें पहिलें अग्रस्थान मिळवून दिलें. मॅक्क्वीनची इच्छा त्या खऱ्या शर्यतींत धांवण्याची होती; परंतु विम्याची अडचण आली व ती अपुरी राहिली. त्याची सेब्रिंगची ९०८ मात्र कॅमेरे बसवून शर्यतींत पाठविण्यांत आली.

चित्रपटाच्या कामांत विघ्नांमागून विघ्नें आलीं. कथा लिहून पुरी नव्हती. मॅक्क्वीनला मोटारींचें सत्य दाखवावयाचें होतें, तर पैसे देणारांस प्रेमकथा हवी होती. जॉन स्टर्जेस ह्या जुन्या दिग्दर्शकानें काम सोडलें. चित्रीकरणांतील एका अपघातांत डेव्हिड पायपर ह्या चालकास एक पाय गुडघ्याखालीं गमवावा लागला. १९७१ मध्यें चित्रपट प्रसिद्ध झाला, पण त्यास यश आलें नाहीं. मॅक्क्वीनची चित्रपटसंस्था बुडाली आणि संसारहि मोडला. त्यानंतर पूर्वीच्या ईर्षेनें तो मोटारशर्यतींत उतरला नाहीं. आज तोच चित्रपट शर्यतीचें अस्सल चित्र म्हणून जाणते लोक आदरानें पाहतात. परंतु हें यश पाहण्याचें त्याच्या नशिबीं नव्हतें.

त्याच्या स्वभावांतील दोष झांकून ठेवणें उचित होणार नाहीं. तो संशयी व तापट होता. मादक पदार्थांचें व्यसन त्यास जडलें होतें. पत्नीशीं तो एकनिष्ठ राहिला नाहीं. रस्त्यावर बेफाम मोटार हांकल्याबद्दल १९७२ मध्यें अलास्कांतील पोलिसांनीं त्यास पकडलें होतें. शर्यतीच्या मार्गावर जें शौर्य ठरतें तेंच रहदारीच्या रस्त्यावर अपराध ठरतें, हें आमच्या तरुण वाचकांनीं विसरूं नये. १९७४ मधील द टॉवरिंग इन्फर्नो ह्या चित्रपटाच्या वेळीं सर्वांत अधिक वेतन घेणाऱ्या नटांत त्याची गणना होत होती. पण मनास स्वस्थता नव्हती.

आतां त्या हिरव्या मस्टँगकडे वळूं. चित्रीकरण संपल्यावर ती विकली गेली, आणि एकदोन हात बदलून १९७४ मध्यें न्यू जर्सींतील एका मध्यमवर्गीय कुटुंबानें मासिकांतील जाहिरात पाहून कांहीं हजार डॉलरांस ती घेतली. घरांतील गृहिणी शिक्षिका होती. ती ह्याच गाडींतून रोज शाळेंत जाई. १९७७ मध्यें मॅक्क्वीनला गाडीचा पत्ता लागला. त्यानें मालकास नम्रतेचें पत्र लिहिलें. गाडी आपल्या घरांत, चित्रपटांत होती तशीच राहावी अशी इच्छा त्यानें त्यांत प्रकट केली. तिच्या बदल्यांत तशीच दुसरी मस्टँग शोधून देण्याची तयारी दाखविली, आणि खर्च फारच होणार असेल तर विषय सोडून द्यावा असेंहि लिहिलें. मालकानें गाडी दिली नाहीं. जगांतील बहुतेक सर्व सुखें विकत घेऊं शकणाऱ्या त्या नटास आपलीच एक जुनी मोटार मिळाली नाहीं. १९८० च्या सुमारास तिचा क्लच निकामी झाला, तेव्हां ती घरींच उभी करून ठेवण्यांत आली आणि अनेक वर्षें धूळ खात पडली.

आयुष्याच्या अखेरीस मॅक्क्वीन गाजावाजापासून दूर झाला. कॅलिफोर्नियांतील सँटा पॉला ह्या लहानशा गांवीं विमानतळावरील एका कोठारांत तो आपल्या जुन्या मोटारसायकली, मोटारी व खेळणीं यांच्या सहवासांत राहूं लागला. १९७९ मध्यें तो विमान चालविण्यास शिकला. ज्या बापानें त्यास टाकिलें होतें त्याचीच विद्या पुत्रानें अशा रीतीनें हस्तगत केली. तो नियमानें प्रार्थनामंदिरांत जाऊं लागला, व त्याच्या मनास कांहीं शांतता लाभली. परंतु त्याच वर्षाच्या शेवटीं फुप्फुसांच्या आवरणाचा असाध्य कर्करोग त्यास झाल्याचें निदान झालें. हा रोग ॲस्बेस्टॉस नांवाच्या तंतुमय खनिजाच्या धुळीपासून होतो. सैन्यांत असतां शिक्षा म्हणून जहाजावरील नळांचें ॲस्बेस्टॉस काढण्याचें काम आपणांस करावें लागलें होतें, त्यानेंच हा रोग जडला असावा, असें त्याचें मत होतें. शर्यतीच्या पोशाखांतहि त्या काळीं तोच पदार्थ वापरीत असत. मेक्सिकोंतील ह्वारेझ येथें शस्त्रक्रियेनंतर ७ नोव्हेंबर १९८० रोजीं वयाच्या पन्नासाव्या वर्षीं त्याचें देहावसान झालें. त्याची रक्षा प्रशांत महासागरांत विसर्जित करण्यांत आली.

त्याच्या पश्चात् त्याच्या मोटारींचें मोल वाढत गेलें. ल मां ह्या चित्रपटाच्या आरंभीं तो ज्या करड्या पोर्शे ९११ मधून येतो ती २०११ मध्यें १३ लक्ष ७५ हजार डॉलरांस विकली गेली. त्याच चित्रपटासाठीं कॅमेरे वाहून नेणारी फोर्ड जीटी ४० ही २०१२ मध्यें १ कोटि १० लक्ष डॉलरांस गेली. कोणत्याहि चित्रपटांत नसलेली, केवळ त्याच्या मालकीची म्हणून प्रसिद्ध असलेली १९६७ सालची फेरारी २७५ हिला २०१४ मध्यें १ कोटि १ लक्ष ७५ हजार डॉलर आले, आणि ल मां मध्यें वापरलेल्या एका पोर्शे ९१७ ला २०१७ मध्यें १ कोटि ४० लक्ष ८० हजार डॉलर. न्यू जर्सींतील ती मस्टँग त्या मालकाच्या मुलानें २०१८ मध्यें डेट्रॉइट येथील प्रदर्शनांत लोकांपुढें आणिली, व जानेवारी २०२० मध्यें फ्लोरिडांतील लिलांवांत ३४ लक्ष डॉलरांची बोली होऊन, दलालीसह ती ३७ लक्ष ४० हजार डॉलरांस गेली.

ह्या किंमती कशानें ठरतात? पहिलें कारण दुर्मिळता. दुसरें कारण अस्सलपणा : गाडीच्या सांगाड्यावरील क्रमांक व एंजिनावरील क्रमांक कारखान्याच्या नोंदींशीं जुळले पाहिजेत, आणि ती कोणाकडून कोणाकडे गेली हें कागदपत्रांनीं सिद्ध झालें पाहिजे. मॅक्क्वीननें लिहिलेलें तें निष्फळ पत्रच मस्टँगच्या अस्सलपणाचा एक बळकट पुरावा ठरलें. तिसरें कारण नवलाचें आहे. साधारण वस्तु नवी दिसावी म्हणून आपण रंगरंगोटी करितों. संग्राहक मात्र जुना रंग, ओरखडे, चित्रीकरणासाठीं केलेलीं भोंकें, हीं सर्व जशींच्या तशीं असावीं असें इच्छितो. मस्टँगचा रंग उडालेला होता, पत्र्यास गंज होता. तिला नवी करून टाकिली असती तर तिची किंमत वाढण्याऐवजीं घटली असती. कारण लोक पत्रा विकत घेत नाहींत. त्या पत्र्यावर उमटलेली एका माणसाची खूण विकत घेतात.

आणि त्या माणसानें स्वतः कोणत्या गोष्टीस मोल दिलें? चित्रपटाचा करार करतांना तो निर्मात्यांकडून दाढीचीं यंत्रें, जाड कापडाच्या विजारी अशा वस्तु घाऊक प्रमाणांत मागून घेई. हा एवढा श्रीमंत नट इतका लोभी कसा, असें लोकांस वाटे. पुढें उलगडा झाला, कीं त्या साऱ्या वस्तु तो बॉईज रिपब्लिकमधील मुलांस पाठवीत होता. तो गाजावाजा न करतां तेथें जाई, मुलांबरोबर बसून गप्पा मारी, खेळे, आणि त्यांनीं पाठविलेल्या पत्रांस स्वतः उत्तरें देई. मृत्युपत्रानें त्यानें त्या संस्थेस २ लक्ष डॉलर दिले. त्याच्या नांवाचें एक क्रीडामंदिर तेथें १९८३ मध्यें उघडण्यांत आलें. २००८ पासून पुढें अनेक वर्षें त्याच संस्थेच्या आवारांत त्याच्या स्मरणार्थ मोटारींचें प्रदर्शन भरत असे. धनिक संग्राहक आपल्या अमोल गाड्या घेऊन तेथें येत, आणि जमलेला पैसा नकोशा ठरलेल्या मुलांच्या शिक्षणासाठीं खर्च होई. एके काळीं मोटारींच्या चाकांचीं झांकणें चोरणाऱ्या मुलाचें ऋण मोटारींनींच असें फेडलें.

पालकहो, गंजलेल्या मस्टँगची कथा आपणांस एक गोष्ट सांगते. अनेक वर्षें धूळ खात पडलेल्या गाडींतहि जाणत्याचा डोळा तिचें मोल ओळखतो. मग ज्यास अक्षरें नीट लागत नाहींत, जो वर्गांत मागें राहतो, ज्याच्याविषयीं सारे शेजारी तक्रार करितात, त्या मुलाकडे आपण त्याच धीरानें पाहतों काय? क्लॉडची तीनचाकी व बॉईज रिपब्लिकमधील शिक्षकांचा विश्वास यांस त्या दिवशीं कोणी किंमत लाविली नव्हती. आणि विद्यार्थिमित्रांनो, तुमच्या वह्यांतील वेगवान मोटारींचीं चित्रें खुशाल जपून ठेवा. मात्र त्यांकडे पाहतांना हेंहि आठवा, कीं मोटारीस मोल आलें तें तिच्या वेगानें नव्हे. ती चालविणारा पुढें पोहोंचल्यावर मागें राहिलेल्यांकडे परत वळून पाहत असे, हीच त्याच्या आयुष्यांतील सर्वांत मोठी शर्यत होती, आणि ती त्यानें जिंकिली.